बागेतल्या तळ्यासाठी फिल्टर निवडताना

फिल्टरच्या खोक्यावर '10,000 लिटरपर्यंत' असं ठळक छापलेलं असतं आणि बरेचजण तेवढं वाचून फिल्टर घेतात. हा आकडा सहसा मासे नसलेल्या तळ्याचा असतो. गोल्डफिश पाळायचे असतील तर त्याच्या निम्मा धरा. कोई कार्प असतील तर पाव. फिल्टरवर भार पडतो तो माशांच्या विष्ठेचा आणि उरलेल्या खाद्याचा, आणि कोई खातोही भरपूर, वाढतोही झपाट्याने. मासे आज बोटाएवढे असले तरी हिशोब पूर्ण वाढलेल्या माशांचा करा. उलट, मासेच नसतील आणि पाणवनस्पती भरपूर असतील, तर फिल्टरवर खर्च करायची गरजच नाही.

आधी तळ्यात पाणी किती आहे ते काढा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि त्याला 1000 ने गुणा. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 0.8 मीटर खोल म्हणजे 4,800 लिटर. कडा उतरत्या असतील किंवा कुंड्यांसाठी आत पायऱ्या असतील तर साधारण पाचवा हिस्सा वजा करा; म्हणजे 4,000 लिटरच्या आत-बाहेर. गोल तळं असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 785.

गोल्डफिशच्या तळ्यातलं सगळं पाणी दर दोन तासांनी एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे, कोईच्या तळ्यात शक्यतो दर तासाला. वरच्या तळ्याला, गोल्डफिश धरले तर, तासाला 2,000 लिटरचा प्रवाह हवा. मात्र पंपावर लिहिलेला प्रवाह शून्य उंचीचा असतो. तळ्याच्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथपर्यंत चढवायचं तिथपर्यंतची उंची मोजा. पंप पाण्यात किती खोल ठेवलाय याने काही बिघडत नाही. जास्तीत जास्त 2.5 मीटर उचलणारा 3,500 लिटरचा पंप सव्वा मीटरवर जेमतेम निम्मं पाणी देतो. म्हणून पंपाचा तक्ता पाहा आणि आपल्या उंचीला 2,000 लिटर मिळतात ना, याची खात्री करा. बारीक पाइपात प्रवाह आणखी घटतो. पंपाच्या तोंडाला बसेल तेवढा जाड पाइप घ्या, आणि शक्य तिथे काटकोनी जोड टाळा.

आता प्रकार. दोनेक हजार लिटरच्या छोट्या तळ्याला पाण्यात बुडणारा, पंपासकटचा फिल्टर पुरतो, पण साफ करायला दरवेळी पाण्यात हात घालावा लागतो. खोकेवजा उघडा फिल्टर साफ करायला सगळ्यात सोपा. त्यातून पाणी स्वतःच्या उताराने परत येतं, त्यामुळे तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, धबधब्याच्या तोंडाशी ठेवावा लागतो आणि लपवणं अवघड जातं. बंद डब्याचा प्रेशर फिल्टर झाकणापर्यंत जमिनीत पुरता येतो आणि त्यातून पाणी पुढे वरही चढवता येतं. पण त्यात माध्यम (जिवाणू ज्यावर वाढतात ते फिल्टरमधलं भरण) कमी मावतं आणि तो लवकर तुंबतो. कोईसाठी जागा असेल तर मोठ्या आकाराचा, अनेक कप्प्यांचा उघडा फिल्टरच घ्या.

पाणी हिरवंगार होत असेल तर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लागतो, 1000 लिटरला साधारण 2 ते 3 वॅट. तो तरंगत्या सूक्ष्म शेवाळाच्या गुठळ्या करतो आणि त्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून दिवा फिल्टरच्या आधी बसवतात. दगडांना चिकटलेल्या तंतूंच्या शेवाळावर त्याचा काही उपयोग नाही. दिवा पेटलेला दिसला तरी वर्षभरात त्याची ताकद संपते, तेव्हा दरवर्षी बदला. पेटता दिवा उघड्या डोळ्यांनी पाहू नका. विजेच्या जोडणीला 30 मिलिॲम्पियरचं आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारं बटण) हवंच.

फिल्टरचं खरं काम त्यातले जिवाणू करतात. माशांपासून येणारा अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. हे जिवाणू स्पंजवर आणि माध्यमावर तपकिरी, बुळबुळीत थर होऊन बसतात. तोच थर घाण समजून नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात आणि चार-दोन दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. बादलीत तळ्याचंच पाणी घ्या, स्पंज त्यात दोन-तीनदा पिळा आणि स्पंजमधून पाणी वाहू लागलं की थांबा. पांढरा स्वच्छ करायचा नाही. स्पंज आणि माध्यम एकाच दिवशी धुऊ नका. पंप रात्री बंद ठेवायचीही चूक होते: पाणी थांबलं की काही तासांतच फिल्टरमधला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात.

नवा फिल्टर जिवाणूंनी भरायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. तोवर मोजकेच मासे सोडा, खाद्य कमी द्या आणि चाचणी किटने अमोनिया-नायट्राइट तपासत राहा. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तिथेच राहिले की मगच पुढचे मासे सोडा.