बाबांची जुनी एफडी सापडलीय, असा मेसेज आला तर

परवा आईला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, तुमच्या मिस्टरांच्या नावावर १,८४,००० रुपये पडून आहेत, २,४९९ प्रोसेसिंग फी भरा, आधार-पॅनचे फोटो पाठवा, आज शेवटचा दिवस. बाबांचं नाव बरोबर, बँकही बरोबर. आईने चष्मा लावून कार्डं टेबलावर मांडलीसुद्धा होती, नशीब मी घरात होतो.

आधी हे घरातल्या मोठ्यांना सांगा की असे पैसे कुठे पळून जात नाहीत. १० वर्षं हात न लागलेले पैसे बँक रिझर्व्ह बँकेच्या फंडात टाकते खरी, पण खातेदाराचा किंवा वारसाचा हक्क तसाच राहतो, नंतरही मागता येतात. त्यामुळे "आज शेवटचा दिवस" म्हणणारा माणूस चोरच.

शोधायचं असेल तर आपणहून शोधा. बँकांत पडून राहिलेले पैसे शोधायचं रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल २०२३ पासून आहे, फुकट आहे. मेसेजमधली लिंक नको, गूगलवरची जाहिरात नको, पत्ता स्वतः टाइप करा, udgam.rbi.org.in. मोबाइल नंबरवर ओटीपी येतो तो तिथे आपणच टाकायचा, फोनवर कोणाला वाचून दाखवायचा नाही. मग खातेदाराचं नाव, बँक आणि पॅन किंवा जन्मतारीख असं काहीतरी एक, बस. कार्ड नंबर, यूपीआय पिन कोणी मागितला तर लगेच बंद करा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही!

पोर्टल फक्त दाखवतं, पैसे बँकेकडूनच मिळतात. मृत्यूचा दाखला, पासबुक, केवायसी घेऊन शाखेत जा आणि प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा, "फक्त या खात्याच्या क्लेमसाठी", खाली तारीख, सही. आधार शक्यतो मास्क्ड द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. एलआयसीचं त्यांच्याच साइटवर बघा, जुन्या शेअर्सचं आयईपीएफ या सरकारी फंडाच्या साइटवर.

आणि फोटो गेलेच असतील, मेसेजमधून आलेली एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी फाइल) उघडली असेल किंवा पैसे कापले गेले असतील तर लाजत बसू नका प्लीज. नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला आणि बँकेला कॉल करा, जितकं लवकर तितके पैसे अडवता येण्याचा चान्स जास्त. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक करून टाका, आईचं मी त्याच संध्याकाळी केलं.