ड्राफ्टने फौजेत गेलेल्या व्याह्यांचे कागद कसे वाचायचे

अमेरिकेत मुलांची लग्नं होतात आणि आपल्यापैकी कित्येकांना तिकडच्या फौजेतून निवृत्त झालेले व्याही मिळतात. माझेही तसेच. मी स्वतः बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लर्क होतो. शीट रोल, पार्ट टू ऑर्डर, डिस्चार्ज बुक हेच माझं रोजचं काम. त्यामुळे व्याह्यांनी तळघरातली कागदांची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि नातवासाठी सगळं नीट लावून द्या म्हणाले, तेव्हा मी आनंदाने बसलो. व्याही १९६६ साली ड्राफ्टने, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या भरतीने, गेले आणि १९८८ साली मास्टर सार्जंट म्हणून बाहेर पडले. आपल्या फौजेत सगळेच स्वखुशीने येतात, म्हणून अशी नोकरी वाचायची सवय आपल्याला नसते. तुमच्या घरात अशी पेटी असेल तर ती कशी उघडायची, ते सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. ड्राफ्टची सक्ती २४ महिन्यांची होती. त्यापुढे काही वर्षं राखीव दलाचं बंधन असे, पण वर्दीतली रोजची नोकरी दोन वर्षांत संपायची. म्हणजे बावीस वर्षांच्या नोकरीतली वीस वर्षं त्या माणसाने स्वतः सही करून घेतलेली असतात. ती सही कुठल्या तारखेला झाली, हे शोधणं हेच खरं काम. बाकीचे कागद त्या तारखेच्या अलीकडे किंवा पलीकडे लागतात.

सुरुवात ड्राफ्ट बोर्डाच्या, म्हणजे कुणाला न्यायचं ते ठरवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, कागदांपासून करा. खिशात मावणारी दोन छोटी कार्डं असतात, एक नोंदणीचं आणि एक वर्गवारीचं. वर्गवारीच्या कार्डावर ‘१-ए’ म्हणजे न्यायला मोकळा, ‘२-एस’ म्हणजे कॉलेजात शिकतोय म्हणून तात्पुरती सूट, ‘४-एफ’ म्हणजे अपात्र. नोंदणीचा क्रमांक चार भागांत असतो आणि तो फार बोलका असतो. व्याह्यांचा क्रमांक ११ ने सुरू होतो, म्हणजे इलिनॉय राज्य. दुसरा भाग स्थानिक बोर्डाचा. तिसरा ४५, म्हणजे जन्म १९४५ चा. चौथा त्या बोर्डातल्या यादीतला नंबर. कागद फाटका असला आणि गाव वाचता येत नसलं, तरी एवढ्यावरून राज्य आणि जन्मसाल हाती लागतं.

त्याच्याबरोबर हजर होण्याचा हुकूम असू शकतो. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने, वर ‘ग्रीटिंग’ असा मायना, खाली बोर्डाच्या माणसाची सही आणि कुठे, किती वाजता हजर व्हायचं ते. हा कागद लॅमिनेट करू नका. आम्ही रेकॉर्डमध्ये असे कागद आम्लरहित पाकिटात ठेवायचो, तेच करा. हुकुमावरची तारीख ही नोकरीची तारीख नव्हे. भरतीकेंद्रावर नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, त्या पावलाने माणूस फौजेचा होई. मोहम्मद अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये टाकायला नकार दिला, ते हेच पाऊल.

आता मुख्य कागद, ‘डीडी-२१४’. सेवेतून मुक्त होताना मिळतो. साठच्या दशकातल्या नमुन्यात ड्राफ्ट बोर्डाची माहिती आणि ‘डेट इंडक्टेड’ असा रकाना सापडेल. तिथे तारीख असेल तर माणूस ड्राफ्टने आला. वर दलाच्या नावापुढे ‘एयूएस’ (आर्मी ऑफ द युनायटेड स्टेट्स) लिहिलेलं असेल तर तेच पुन्हा सिद्ध होतं. कायम फौजेत गेलेल्यासमोर ‘आरए’ (रेग्युलर आर्मी) लिहितात.

सर्व्हिस नंबर तर मी भिंगाखाली धरून पाहिला. ड्राफ्टने आलेल्याच्या नंबराआधी ‘यूएस’ ही अक्षरं आणि मग बहुधा पाचाने सुरू होणारा आठ आकडी नंबर. त्यातला दुसरा आकडा सांगतो की माणूस कुठल्या आर्मीच्या इलाख्यातून घेतला. गायक एल्विस प्रेस्लीचा नंबर ५३३१०७६१ होता. तो १९५८ साली मेंफिसमधून गेला आणि तो भाग थर्ड आर्मीचा. व्याह्यांचा नंबर ५५ ने सुरू होतो, कारण इलिनॉय फिफ्थ आर्मीत येई. पुढे १९६८ च्या कागदांवर नंबर तोच, पण आधीची अक्षरं ‘यूएस’ जाऊन ‘आरए’ झालेली. नातवाला मी बोट ठेवून दाखवलं ते हेच. टाइपरायटरने उमटवलेली दोन अक्षरं, पण तुझ्या आजोबांनी राहायचं ठरवलं ते इथे दिसतं. १ जुलै १९६९ पासून आर्मीने हे नंबर बंद करून सोशल सिक्युरिटी नंबर वापरायला घेतला, त्यामुळे पुढच्या कागदांत ही खूण मिळणार नाही.

तारीख नक्की करायला ‘डीडी-४’ हा करारनामा शोधा. जागा, दिवस, किती वर्षांसाठी आणि सही. व्याह्यांचा करार ऑगस्ट १९६८ चा आहे, जर्मनीतल्या बाउमहोल्डरचा. सक्तीची दोन वर्षं ऑक्टोबरात पुरी होणार होती. त्याच सुमाराचा एक डीडी-२१४ ही आहे आणि मुक्त करण्याचं कारण म्हणून लगेच पुन्हा भरती असं लिहिलंय. असे डीडी-२१४ एकापेक्षा जास्त निघाले तर गोंधळू नका. १९७९ पर्यंत प्रत्येक नव्या कराराच्या वेळी तो मिळत असे. सगळे तारखेने लावा आणि एकही फेकू नका.

मधली वर्षं ‘डीए-२०’ आणि नंतरच्या ‘डीए २-१’ या नोकरीच्या नोंदपत्रकांवर भराभर उलगडतात: पलटण, काम, हुद्दा, ट्रेनिंग.

आता एक सावधगिरी, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अक्षरं कायदा सांगतात, मन सांगत नाहीत. काही पोरं बोर्डाकडे जाऊन मला आत्ताच घ्या म्हणत, म्हणजे दोन वर्षं लवकर उरकतील. त्यांच्यापुढेही ‘यूएस’च लागे. उलट ड्राफ्ट येणारच म्हणून कित्येकांनी आधीच तीन वर्षांची सही केली, निदान काम तरी आपल्या पसंतीचं मिळेल म्हणून. त्यांच्यापुढे ‘आरए’. तेव्हा नुसत्या अक्षरांवरून कुणाला देशभक्त किंवा कुणाला नाखूश ठरवू नका. व्हिएतनामच्या काळात साडेअठरा लाखांच्या आसपास माणसं ड्राफ्टने गेली. त्यांच्या घरात हा विषय अजून हळवा आहे. आपण बाहेरून आलेल्यांनी तर जपूनच बोलावं.

म्हणून विचारताना ‘का राहिलात?’ हा प्रश्न पहिला टाकू नका. एक कागद हातात द्या आणि त्या दिवशी कोण बरोबर होतं ते विचारा. व्याही करारनाम्यावरून थेट मोटारपूलवर, म्हणजे पलटणीच्या गाड्यांच्या तळावर, गेले. तिथल्या सार्जंटने त्यांना इंजिन शिकवलं, डिझेलच्या शाळेची जागा मिळवून द्यायचा शब्द दिला आणि पाळला. अशी उत्तरं खूप जणांकडे सापडतात. ओरेगॉनचे जेफ मेलिंजर १९७२ मध्ये ड्राफ्टने गेले तेव्हा भिंतींना ड्रायवॉल बसवायचं काम करत होते. दोन वर्षांनी घरी परतायचा त्यांचा बेत होता, पण वरिष्ठांनी रेंजर पलटणीची वाट दाखवली. ते इराकमधल्या बहुराष्ट्रीय फौजेचे कमांड सार्जंट मेजर झाले आणि २०११ मध्ये निवृत्त झाले. राल्फ रिग्बीही १९७२ चेच, ४२ वर्षांची नोकरी करून २०१४ मध्ये दक्षिण कोरियात निरोप घेतला.

माणूस पुढे अधिकारी झाला असेल तर कागदांचा धागा मध्येच तुटल्यासारखा वाटतो, कारण शिपाई म्हणून मुक्त करून मग कमिशन देतात आणि नंबरही बदलतो. जॉन शालिकाश्विली वॉर्सात जन्मले, १९५२ मध्ये इलिनॉयच्या पिओरियात आले, मे १९५८ मध्ये नागरिक झाले आणि जुलैत ड्राफ्टचा हुकूम आला. पुढच्याच वर्षी तोफखान्यात कमिशन, आणि १९९३ ते १९९७ अमेरिकेच्या सगळ्या दलांच्या सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष. परदेशातून आलेला आणि ड्राफ्टने सुरुवात केलेला माणूस त्या खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवं.

पेटीत काही कमी असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राकडे ‘एसएफ-१८०’ फॉर्मवर मागा. सैनिक हयात असेल तर सही त्यांचीच लागते. नसतील तर पुनर्विवाह न केलेली पत्नी, आईवडील, मुलं, भावंडं एवढ्यांनाच जवळचे नातेवाईक धरतात. नातू किंवा माझ्यासारखे व्याही त्यात बसत नाहीत. नोकरीतून मुक्त होऊन ६२ वर्षं झाली की फाइल फी भरून कुणालाही मागता येते.

१२ जुलै १९७३ ला त्या केंद्राला मोठी आग लागली. १९१२ ते १९५९ दरम्यान मुक्त झालेल्या आर्मीच्या माणसांच्या ८० टक्के फायली गेल्या. दुसऱ्या महायुद्धात किंवा कोरियात ड्राफ्टने गेलेल्यांच्या घरांना याचा फटका बसतो. तरी हात टेकू नका. पलटणीचे ‘मॉर्निंग रिपोर्ट’ मागवा, म्हणजे आपल्या पार्ट टू ऑर्डरसारखे कागद: कोण आला, कोण गेला, कोण दवाखान्यात. काउंटीच्या कचेरीतही पाहा, कारण बऱ्याच जणांनी घरी परतल्यावर आपला डिस्चार्ज तिथे नोंदवून ठेवला होता.

शेवटी पेन्शनचा हिशेब ताडून पाहा, तारखांची चूक तिथे पकडली जाते. ८ सप्टेंबर १९८० पूर्वी आलेल्यांना दर वर्षाला मूळ पगाराच्या अडीच टक्के, वीस वर्षांना ५० टक्के. ड्राफ्टची दोन वर्षं यात पूर्ण धरतात. व्याह्यांचे ५५ टक्के निघाले, म्हणजे बरोबर बावीस वर्षं, ऑक्टोबर १९६६ पासून. तुमचा आकडा जुळला नाही, तर बहुधा मधला एखादा डीडी-२१४ हरवलेला असतो. सेंट लुईसला मागणीपत्र लिहिताना त्या सालांचा स्पष्ट उल्लेख करा.