पोरगं अनोळखी ‘भैया’शी चॅट करतंय? आधी ब्लॉक करू नका

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकला की पोट्टे दुपारभर कूलरपुढे आडवे आणि हातात फोन. त्यामुळे ‘फोनच देऊ नका’ हा सल्ला मला कोणी देऊ नये.

सेटिंग आधी उरकून टाका: व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालण्याची परवानगी फक्त ओळखीच्या नंबरांना, इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट, रात्री फोन बैठकीत चार्जिंगला. झालं.

मग मुलाशी बोला. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे वाक्य मात्र बाद करा. पंधरा दिवस एकाच टीममध्ये फ्री फायर मॅक्स हा गोळीबाराचा मोबाइल गेम खेळलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी उरतच नाही, तो ‘भैया’ झालेला असतो. म्हणून मागण्या ओळखायला शिकवा. फुकट डायमंड (गेममधलं चलन) देतो म्हणाला, गेम सोडून टेलिग्राम किंवा स्नॅपचॅटवर बोलावलं, घरी दुपारी कोण असतं विचारलं, ‘मम्मी को मत बताना’ म्हणाला, फोटो मागितला, यातलं एकही झालं की मला हाक मार, एवढंच सांगा.

आता खरी कठीण वेळ: तुम्हाला कळतं ती पहिली दहा मिनिटं. इथे मी सपशेल चुकले आहे. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. चॅट वाचलं, हातातून फोन हिसकावला, त्या माणसाला दोन शिव्या टाइप केल्या, ब्लॉक केलं आणि रागाच्या भरात सगळं चॅट डिलीट. तक्रार द्यायला गेले तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं, आयडीसुद्धा आठवेना. आणि पोरगा? ‘तू रागावशीन म्हणूनच नव्हतं सांगितलं’ म्हणाला आणि दोन महिने माझ्याशी धड बोलला नाही.

तर फोन टेबलावर ठेवा. ‘बरं केलं सांगितलंस, तुझी चूक नाही’ हे मोठ्याने म्हणा, मनात असो नसो. तुम्ही ओरडलात की त्या माणसाची ‘घरी सांगेन’ ही धमकी खरी ठरते. मग पुरावे: प्रोफाइलचं नाव, आयडी, लिंक, नंबर, तारखांसकट मेसेज, पैसे गेले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्या. मुलाचाच नको तसा फोटो गेला असेल तर त्याला अजिबात हात लावू नका: स्क्रीनशॉट नाही, डिलीट नाही, वकील असलेल्या मामालाही फॉरवर्ड नाही. आयटी कायद्याच्या ६७ब कलमात असा फोटो पाठवणं हाच गुन्हा आहे. धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका, दिला की मागणी वाढते. आणि मुलाच्या नावाने चॅट करून त्या माणसाला फुटाळा तलावावर बोलावून पकडण्याचे बेत आखणारे काका प्रत्येक घरात असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा. हे सगळं झाल्यावर ब्लॉक.

तक्रार सोपी आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, फुकट. पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या छळाची तक्रार नाव न देताही करता येते. पोलीस ठाणं जवळचं कुठलंही चालतं, हद्दीचं कारण ऐकून परतू नका. ‘मुलगा आहे, त्याला काय होतं’ असं कोणी म्हणालं तर सांगा, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. त्यात मुलाचा जबाब घरी, साध्या कपड्यातल्या पोलिसांनी घ्यायचा असतो. गणवेशात आले तर आठवण करून द्या.

फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा वापरा. फोटो फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सेवेत सामील असलेल्या कंपन्या त्यावरून तो शोधून हटवतात.

पोलिसांचं काम संपलं की फोन मुलाला परत द्या. माझा आताही खेळतो, पण हेडफोन नाही, स्पीकरवर. घरभर गोळीबार ऐकू येतो, डोकं उठतं, चालतं मला.