सायकल आणि पायी सहलींचे प्रदर्शन वाढवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सायकल आणि पायी सहलींचे प्रदर्शन भरवण्याच्या कामात मी गेली काही वर्षे स्वयंसेवक म्हणून आहे. मंगल कार्यालयाच्या एका सभागृहात टेबले मांडून सुरू झालेले हे प्रदर्शन आता मैदानावरच्या मोठ्या मांडवात जाऊ पाहत आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर सर्वाधिक चुका होतात. प्रदर्शन लहान असते तेव्हा चूक झाली तरी ओळखीच्या माणसाला हाक मारून ती निस्तरता येते; मांडव मोठा झाला की तीच चूक दुपारपर्यंत सगळीकडे पसरलेली असते. आम्ही स्वतः केलेल्या आणि इतरांच्या होताना पाहिलेल्या चुका येथे मांडत आहे. त्या तपासताना एकच कसोटी लावली आहे: आलेला माणूस कुठे जायचे, केव्हा जायचे आणि कोणाबरोबर जायचे हे ठरवून बाहेर पडला का?

तारीख उसनी घेऊ नका

युरोपातील अशी प्रदर्शने वर्षाच्या सुरुवातीला भरतात. जर्मनीतील श्टुटगार्टच्या मोठ्या पर्यटन मेळ्यात सायकल आणि पायी सहलींचा विभाग जानेवारीत असतो, कारण तेथील कुटुंबे उन्हाळ्याची सुट्टी हिवाळ्यातच ठरवतात. ती पाहून आपणही जानेवारी निवडतो. थंडी असते, द्राक्षांचा हंगाम सुरू झालेला असतो, पाहुण्यांना नाशिक आवडते. मात्र आपल्याकडे जानेवारी हा सहली ठरवण्याचा काळ नसून सहलीला जाण्याचा काळ आहे. ज्या वाटाड्यांनी आणि सायकल सहलींच्या आयोजकांनी स्टॉलवर उभे राहायचे, तेच प्रत्येक शनिवारी-रविवारी हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा भंडारदऱ्याच्या रस्त्यावर असतात. परिणामी स्टॉलवर त्यांचा एखादा भाचा बसतो, आणि त्याला वाटेतल्या पाण्याबद्दल विचारले तर तो फोन लावतो.

आपल्याकडे ठरवण्याचे काळ दोन आहेत: पावसाळी भटकंतीसाठी मे महिना आणि हिवाळ्यासाठी सप्टेंबर. मे महिन्यातील नाशिकच्या उन्हात दुपारी मांडवात कोणी थांबत नाही, म्हणून माझा कौल सप्टेंबरला आहे, अर्थात पक्क्या छताखाली. मात्र अनंत चतुर्दशी, पितृपक्ष आणि नवरात्र यांचा क्रम अधिक मासामुळे इंग्रजी तारखांच्या हिशेबाने जवळपास तीन आठवडे पुढेमागे सरकतो, त्यामुळे "दरवर्षी सप्टेंबरचा तिसरा शनिवार" असा नियम करता येत नाही. नवरात्रात सप्तशृंगगडाकडे जाणारा रस्ता, एसटी आणि पोलीस बंदोबस्त सगळेच गुंतलेले असते. पितृपक्षात लोक खरेदी टाळतात हे खरे, पण चौकशीला त्यांची ना नसते; सहलींच्या प्रदर्शनाला तेवढे पुरते. २०२७ हे सिंहस्थाचे वर्ष आहे. त्या वर्षी मैदाने, लॉज आणि मांडववाले यांपैकी कशावरही शेवटच्या क्षणी विसंबून चालणार नाही.

स्टॉल वाढले, सहली कमी झाल्या

वाढत्या प्रदर्शनाचा हा सर्वांत मोठा धोका आहे, आणि आम्ही त्यात पुरते सापडलो होतो. जागा मोठी घेतली की भाडे भरून काढण्यासाठी येईल त्याला स्टॉल दिला जातो. आधी सायकलींची दुकाने येतात, पाठोपाठ बूट-जॅकेटवाले, प्रोटीन पावडर, गुडघेदुखीचे तेल आणि शेवटी मोबाईलची कव्हरे. यातील प्रत्येक जण पूर्ण भाडे देतो, म्हणून दर्शनी जागा त्याला मिळते. पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेला वाटाड्या, ज्याच्याकडे विकायला फक्त आपल्या परिसराची माहिती असते, तो कोपऱ्यात ढकलला जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही. हिशेबाच्या वहीत ते वर्ष उत्तम दिसते.

यावर आम्ही काढलेला उपाय असा: प्रत्येक दहा स्टॉलमागे किमान सहा स्टॉल प्रत्यक्ष सहलीचे असले पाहिजेत, मग ती सहल आयोजक कंपनीची असो, कृषी पर्यटन केंद्राची असो वा गावातील तरुणांच्या गटाची. हे प्रमाण भरल्याशिवाय साहित्याच्या स्टॉलची नोंदणी पुढे सरकत नाही. गावाकडच्या गटांसाठी पूर्ण स्टॉलऐवजी अर्धे टेबल ठेवावे आणि त्याचा दर सांगताना १८ टक्के जीएसटी धरूनच एकच आकडा सांगावा. भाडे कबूल केल्यानंतर पावतीवर वेगळा कर पाहून एका गटाचे तोंड उतरले, ते मी विसरलेलो नाही. त्यांनी पैसे भरले, पण आपल्याला नीट सांगितले नव्हते हे त्यांच्या मनात राहिले.

व्यावसायिक भेटी आणि सर्वसामान्यांची गर्दी एकाच वेळी ठेवणे ही याचीच जोडचूक आहे. शाळांच्या सहली ठरवणारे शिक्षक, रिसॉर्टचालक आणि मुंबई-पुण्याचे सहल आयोजक यांना वाटाड्याशी दर, जेवण, मुक्काम यांवर शांतपणे बोलायचे असते. त्यांच्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवावी, पंधरा-पंधरा मिनिटांच्या वेळा आधी वाटून द्याव्यात आणि वेळ संपल्याची घंटा खरोखर वाजवावी.

तीन मीटरचा स्टॉल आणि पावणेदोन मीटरची सायकल

मांडववाला सवयीने तीन बाय तीन मीटरचे चौकोन आखतो. नऊ चौरस मीटरच्या त्या जागेत सायकल सहलींचा आयोजक चार सायकली उभ्या करतो. सायकलची लांबी सुमारे पावणेदोन मीटर आणि हँडलची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यात टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या की आत पाऊल टाकायला जागा उरत नाही. मग सायकली मार्गिकेत येतात, मार्गिका अरुंद होते आणि रविवारी संध्याकाळी मुलांच्या गाड्या घेऊन आलेली कुटुंबे तेथेच अडकतात. नोंदणीच्या अर्जातच "किती सायकली आणणार?" हा प्रश्न विचारावा, दोनपेक्षा अधिक असल्यास दुहेरी जागा द्यावी, आणि मुख्य मार्गिका तीन मीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये. मार्गिकेत आलेली प्रत्येक वस्तू दर दोन तासांनी आत घ्यायला लावण्यासाठी एक माणूस नेमावा, आणि तो मृदू बोलणारा पण न हटणारा असावा.

सायकलींच्या प्रदर्शनाला सायकलीवरून येणाऱ्यांसाठी जागाच नसणे, ही चूक सांगतानाही वाईट वाटते. एका चारचाकीच्या जागेत दहाएक सायकली सहज मावतात. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यांची बिल्ल्यांची पद्धत येथे उत्तम चालते: एक बिल्ला सायकलला, त्याच क्रमांकाचा दुसरा मालकाच्या हाती. मुंबईहून सायकल घेऊन येणाऱ्यांना समृद्धी महामार्गावर सायकलींना मनाई आहे हे पत्रकात स्पष्ट कळवावे. रेल्वेने येणाऱ्यांनी सायकल पार्सल म्हणून नोंदवायची असल्यास नाशिक रोड स्थानकात ती उतरून हाती पडेपर्यंतचा वेळ गृहीत धरावा.

चाचणी फेरीचा मार्ग एकाच दिशेचा असावा, विजेवर चालणाऱ्या सायकलींसाठी वेगळी वेळ असावी, आणि हेल्मेटशिवाय कोणालाही, मग तो प्रायोजकाचा पाहुणा असला तरी, आत सोडू नये.

"सोपी वाट" म्हणजे किती सोपी?

प्रत्येक स्टॉलवर सोपे, मध्यम, अवघड हे तीन शब्द लिहिलेले असतात आणि प्रत्येकाचा त्यांचा अर्थ वेगळा असतो. सह्याद्रीत वाढलेल्या वाटाड्याला साल्हेर मध्यम वाटतो; १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. ज्याने केवळ पांडवलेणीच्या पायऱ्या चढल्या आहेत, त्याची त्याच "मध्यम"वर विश्वास ठेवून फसगत होते. दोष कोणाच्याच प्रामाणिकपणाचा नसतो. मोजमाप सारखे नसते.

म्हणून प्रत्येक सहलीसाठी एकाच नमुन्याचा फलक सक्तीचा करावा. त्यावर एकूण अंतर, एकूण चढ मीटरमध्ये, वाट मातीची की खडकाची, पाणी कोठे मिळते, दोर किंवा हातांचा आधार लागतो का, परतीचे वाहन कोठून मिळते आणि सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, एवढे असावे. हरिहरच्या फलकावर खडकात कोरलेल्या खड्या पायऱ्यांचा आणि उतरताना होणाऱ्या गर्दीचा उल्लेख आलाच पाहिजे. उलट नांदूरमध्यमेश्वरकडे जाणारा सपाट रस्ता, जेथे हिवाळ्यात पक्षी पाहायला मिळतात, नवख्या सायकलस्वारासाठी किती योग्य आहे हे फलकावर दिसले, तर त्या स्टॉलला आपोआप गिऱ्हाईक मिळते. हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, एवढी एक ओळही मुलांसह येणाऱ्या पालकांना थांबवते.

परदेशातून काही घ्यायचेच असेल तर तारीख घेण्यापेक्षा ही गोष्ट घ्यावी. बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात १९९५ मध्ये सायकल मार्गांच्या प्रत्येक जोडबिंदूला क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती नेदरलँड्सभर पसरली. सायकलस्वार चार-पाच क्रमांक चिठ्ठीवर लिहून घेतो आणि पुढचा क्रमांक शोधत जातो. नकाशा वाचता आला नाही तरी त्याचे अडत नाही. आपल्या मांडवातही आम्ही हेच केले. मधोमध नाशिक जिल्ह्याचा मोठा नकाशा आडवा मांडला, त्यावर सहलींच्या ठिकाणी क्रमांक चिकटवले आणि तेच क्रमांक स्टॉलना दिले.

त्या टेबलाशी एक प्रसंग घडला. पन्नाशीच्या एक बाई नकाशावर बोट ठेवून उभ्या होत्या. मी विचारले, "मावशी, कुठे जायचे मनात आहे?" त्या म्हणाल्या, "आम्ही कुठले हो ट्रेकवाले! मुलगा आत सायकल बघतोय, म्हणून उभी आहे." त्यांचे बोट वणीवर होते. बोलता बोलता कळले की चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला त्या नाशिकहून पायी जातात, म्हणजे सुमारे साठ किलोमीटर, रात्री आणि पहाटे चालून, आणि ब्रह्मगिरीची श्रावणातील फेरीही त्यांनी केली आहे. आमच्या कोणत्याही फलकावरील "मध्यम" सहलीपेक्षा अधिक चाललेली ही बाई स्वतःला चालणाऱ्यांत मोजत नव्हती, कारण आमच्या पत्रकांवर फक्त दोर, जॅकेट आणि तरुण चेहरे होते. त्या वर्षापासून प्रवेशद्वारावरील मजकुरात "पदयात्रा केली आहे का? मग हे तुमच्यासाठीच आहे" असे वाक्य आले. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरपर्यंत लोक ज्या जिल्ह्यातून चालत जातात, तेथे चालण्याची हौस नव्याने निर्माण करावी लागत नाही. चालणाऱ्यांना ओळखावे लागते.

व्यासपीठाचा आवाज

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि या शहरातील सायकलस्वारांची मान उंचावली. अशा पराक्रमाची व्याख्याने जरूर ठेवावीत. मात्र दिवसभर केवळ विक्रमांचीच भाषणे असली तर ऐकणारा टाळ्या वाजवून "हे आपले काम नव्हे" असे मनाशी ठरवून घरी जातो. प्रत्येक विक्रमवीरामागे एक साधे व्याख्यान ठेवावे: आजी-आजोबांबरोबर दोन दिवसांची पायी सहल, पहिली पन्नास किलोमीटरची सायकलफेरी, गुडघे सांभाळून गड उतरणे. व्यासपीठ मांडवाच्या एका टोकाला असावे आणि कर्ण्यांची तोंडे स्टॉलकडे नसावीत. ज्या वर्षी ती होती, त्या वर्षी जवळच्या स्टॉलवरील लोक कागदावर लिहून एकमेकांशी बोलत होते.

कागदपत्रे, पैसे आणि नेटवर्क

साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाचे २०२१ चे धोरण आहे आणि त्यानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. दोरावरून उतरणे, गिर्यारोहण असे उपक्रम विकणाऱ्या स्टॉलधारकाकडून नोंदणीची आणि विम्याची प्रत आधीच घ्यावी. "नंतर देतो" असे म्हणणाऱ्याला स्टॉल नंतरच द्यावा. अग्निशमन विभागाचा दाखला आणि पोलीस परवानगी यांचे अर्ज मांडवाचा नकाशा कायम झाल्यावरच करावेत, कारण नकाशा बदलला की सारे पुन्हा करावे लागते.

रविवारी संध्याकाळी पाचनंतर गर्दीमुळे मोबाईलचे नेटवर्क बसते, तिकिटांच्या रांगेत यूपीआयची चक्रे फिरत राहतात आणि प्रवेशद्वार तुंबते. त्यासाठी छापील तिकिटांचे पुस्तक आणि सुटे पैसे शनिवारीच मोजून ठेवावेत.

भेट देणाऱ्यांचे फोन क्रमांक सर्व स्टॉलधारकांना सरसकट वाटू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायदा नसता तरी ज्याने फक्त नांदूरमध्यमेश्वरची चौकशी केली, त्याला पुढे महिनाभर जिमचे फोन येणे योग्य नव्हते. अर्जावर "कोणत्या क्रमांकाच्या सहलीची माहिती हवी?" एवढे विचारावे आणि फक्त त्याच स्टॉलला त्या माणसाचा फोन क्रमांक द्यावा.

हे अर्ज सोमवारी सकाळीच वेगळे करून त्या त्या स्टॉलधारकाकडे पाठवावेत. आठवडा उलटला की चौकशी शिळी होते. गावाकडच्या गटांना फोन करून "किती जणांशी बोलणे झाले, किती जण प्रत्यक्ष येणार आहेत?" हे विचारावे आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा विचारावे. पुढच्या वर्षी कोणाला दर्शनी जागा द्यायची, ते या दुसऱ्या फोनच्या उत्तरांवरून ठरवावे.