या चुका टाळा : मराठी वाक्यातून इंग्रजीत शिरणारे दोष आणि त्यांवरचे उपाय

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही दहावी-बारावी झालेल्या अनेकांना चार साधी वाक्ये बिनचूक लिहिताना अडखळायला होते. काळांचा तक्ता त्यांना तोंडपाठ असतो, क्रियापदांची तीन रूपेही येतात. पण वाक्य मनात मराठीत जुळते, आणि मग मराठीतला एखादा प्रत्यय इंग्रजीत तसाच उतरतो किंवा इंग्रजीला हवा असलेला शब्द मराठीत नसल्यामुळे गळून जातो. म्हणून चूक सापडली की नुसते बरोबर उत्तर पाठ करू नये. ती मराठी वाक्याच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे आधी पाहावे, कारण एका मुळातून आलेल्या अनेक चुका मग एकदमच सुटतात.

आदरार्थी बहुवचनाची चूक

'माझे बाबा बँकेत काम करतात' या वाक्याचे 'माय फादर वर्क इन अ बँक' असे रूपांतर शेकडो वह्यांमध्ये दिसते. तोच विद्यार्थी पुढच्या ओळीत 'माय मदर कुक्स' हे मात्र अचूक लिहितो, आणि शिक्षकांना वाटते की 'एस'चा नियम याला कधी आठवतो, कधी आठवत नाही. प्रत्यक्षात नियम त्याच्या लक्षात असतो. बहुतेक मराठी घरांत आई 'करते' आणि बाबा 'करतात'. आदरामुळे आलेले बहुवचन त्याने खरे बहुवचन मानलेले असते. 'सर आले आहेत' याचे 'सर हॅव कम' आणि 'आजोबा शिक्षक होते' याचे 'ग्रँडफादर वेअर अ टीचर' होते ते याच कारणाने. पुढे 'ते सायकलने शाळेत जात' असे वाक्य आले की आजोबांसाठी 'दे' लिहिले जाते.

इंग्रजीत आदराचा क्रियापदाशी काहीही संबंध नाही. ज्याच्याविषयी बोलायचे ती व्यक्ती एक असेल, तर ती कितीही थोर असली तरी 'इज', 'वॉज', 'हॅज', 'डज' आणि साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' हेच येणार, आणि सर्वनाम 'ही' किंवा 'शी' हेच राहणार. तेव्हा क्रियापद लिहिण्यापूर्वी माणसे मोजावीत. 'एस'ची चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला सगळा नियम पुन्हा शिकवण्याआधी त्याची चूक वडील, काका, सर अशा शब्दांभोवतीच होते का, हे शिक्षकांनी जरूर तपासावे.

मराठीतल्या लिंगाचाही असाच त्रास होतो, पण तो लवकर जातो. खुर्ची 'ती' असली आणि पंखा 'तो' असला, तरी इंग्रजीत दोन्ही 'इट'.

एका 'आहे'ची अनेक रूपे

'आहे' म्हणजे 'इज' हे समीकरण पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते आणि पुढे कित्येक वर्षे नडते. 'मी सहमत आहे' याचे 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' होते, 'मी ते पुस्तक वाचले आहे' याचे 'आय अ‍ॅम रेड दॅट बुक' होते, आणि 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' होते. मराठीतले 'आहे' हे एकच क्रियापद इंग्रजीत वेगवेगळ्या शब्दांनी सांगावी लागणारी कामे करते, आणि त्यांतले कोणते काम चालले आहे हे 'आहे'च्या आधीच्या शब्दावरून कळते.

आधी नाम, विशेषण किंवा ठिकाण असेल, उदाहरणार्थ 'तो डॉक्टर आहे', 'ती आजारी आहे', 'आम्ही घरी आहोत', तर 'इज', 'अ‍ॅम', 'आर' यांपैकी एक चालते. आधी 'जात', 'लिहीत' असे रूप असेल, तर त्याच शब्दांबरोबर मुख्य क्रियापदाला 'इंग' लागते. आधी 'गेलो', 'वाचले', 'पाहिली' असे भूतकाळी रूप असेल, तर 'हॅव' किंवा 'हॅज' आणि क्रियापदाचे तिसरे रूप हवे. वाक्याची सुरुवात 'मला' किंवा 'माझ्याकडे' अशी असून मालकीची किंवा नात्याची गोष्ट सांगायची असेल, तर नुसते 'हॅव' पुरते : 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'हॅविंग' हा शब्द मुळात चूक नाही. जेवण चालू असताना 'वी आर हॅविंग डिनर' हे वाक्य अगदी योग्य आहे, कारण तिथे मालकी नसून क्रिया आहे.

या कसोटीतून दोन गोष्टी निसटतात. 'सहमत', 'माहीत' हे शब्द मराठीत विशेषणासारखे वागतात, पण इंग्रजीत 'अ‍ॅग्री', 'नो' ही स्वतःच क्रियापदे आहेत, म्हणून 'आय अ‍ॅग्री' आणि 'आय नो' एवढेच म्हणावे. दुसरी गोष्ट काळाची. 'मी त्याला काल सांगितले आहे' हे मराठीत खटकत नाही, परंतु इंग्रजीत 'काल', 'गेल्या वर्षी', '२०१९ मध्ये' असा संपलेला काळ स्पष्ट सांगितला की 'हॅव' चालत नाही. 'आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे' हे चूक आणि 'आय टोल्ड हिम यस्टरडे' हे बरोबर.

'डिड' आल्यावर क्रियापद मूळ रूपात

'तो गेला नाही' याचे 'ही डिडन्ट वेन्ट' करण्याचा मोह समजण्यासारखा आहे, कारण मराठी वाक्यात भूतकाळ 'गेला'मध्येच आहे आणि 'नाही' केवळ नकार देते. इंग्रजीत 'डिडन्ट' हा शब्द नकार आणि भूतकाळ ही दोन्ही ओझी उचलतो, त्यामुळे मुख्य क्रियापदावर काळाची खूण उरत नाही : 'ही डिडन्ट गो'.

ही रचना परकी वाटत असली, तरी मराठीत तिच्या जवळची रचना आहे. 'तो जात नव्हता' या वाक्यात 'जात'वर काळाची खूण नाही. काळ आणि नकार दोन्ही 'नव्हता'मध्ये आहेत. दोन्ही वाक्यांचा अर्थ एक नाही, पण 'डिडन्ट'चे काम 'नव्हता'सारखे चालते हे एकदा उमगले की 'डिडन्ट केम', 'डिडन्ट सॉ', 'डिड यू एट' अशा चुका आपोआप कानाला बोचू लागतात. 'डज'चेही तसेच आहे. 'एस' त्याने घेतला की 'ही डजन्ट नोज' असे दुसऱ्यांदा लिहायचे नसते.

प्रश्नात आणखी एक अडचण येते. मराठीत 'तू चहा पितोस का?' यातला 'का' शेवटी येतो, म्हणून 'यू ड्रिंक टी?' असे म्हणून केवळ सूर चढवला जातो. बोलताना ते खपते, लेखनात खपत नाही; तिथे 'डू' वाक्याच्या आरंभी ठेवावाच लागतो.

'पासून'चे दोन अर्थ

'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो' याचे 'आय अ‍ॅम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' हे भाषांतर इतके रूढ आहे की नोकरीच्या अर्जांतही ते सर्रास आढळते. त्यात दोन चुका आहेत. मराठीला इथे साधा वर्तमानकाळ पुरतो, पण मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीला 'हॅव बीन लिव्हिंग' असे रूप लागते. दुसरी चूक 'सिन्स'ची आहे. 'पासून' हा एकच प्रत्यय मराठीत आरंभबिंदूलाही लागतो आणि कालावधीलाही लागतो; इंग्रजीत आरंभबिंदूसाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर' असे दोन वेगळे शब्द आहेत.

यांतला कोणता निवडायचा हे ठरवण्याची सोपी कसोटी मराठीतच आहे. 'पासून' काढून आधी 'गेली' किंवा 'गेले' घालून पाहावे. 'गेली पाच वर्षे मी पुण्यात राहतो' हे वाक्य जमते, म्हणून 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'गेले दोन दिवस ताप आहे' हेही जमते, म्हणून 'फॉर टू डेज'. 'सकाळपासून', 'सोमवारपासून', 'लहानपणापासून', '२०१५ पासून' यांपैकी एकाही ठिकाणी 'गेली' बसत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'. व्याकरणाच्या पुस्तकातील व्याख्येपेक्षा ही कसोटी मला अधिक भरवशाची वाटते, कारण ती लावण्यासाठी इंग्रजीचे काहीच आठवावे लागत नाही.

'अ' आणि 'अ‍ॅन' : देवनागरीची मदत

मराठीत उपपदे नाहीत, म्हणून 'ही इज डॉक्टर' अशी वाक्ये होतात. मोजता येणारे एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'अ‍ॅन', 'द', 'माय', 'धिस' असे काहीतरी हवेच. प्रथमच उल्लेख होत असेल तर 'अ' किंवा 'अ‍ॅन', आणि ऐकणाऱ्याला नेमकी कोणती वस्तू ते ठाऊक असेल तर 'द', एवढे सुरुवातीला पुरे.

'अ' की 'अ‍ॅन' हे मात्र स्पेलिंगवरून ठरवल्यामुळे चुकते. निर्णय उच्चारावर अवलंबून असतो, आणि उच्चाराप्रमाणे लिहिण्यात देवनागरी इंग्रजी लिपीपेक्षा पुष्कळ चोख आहे. शब्द देवनागरीत लिहावा; पहिले अक्षर स्वर असेल तर 'अ‍ॅन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-रुपी कॉइन' 'व'ने, म्हणून 'अ वन-रुपी कॉइन'. तास या अर्थाचा 'अवर' आणि 'ऑनेस्ट' यांतला 'एच' उच्चारला जात नाही, म्हणून 'अ‍ॅन अवर', 'अ‍ॅन ऑनेस्ट मॅन'. याच न्यायाने 'अ‍ॅन एसटी बस', 'अ‍ॅन एमएलए', पण 'अ यूपीएससी कँडिडेट'. एक अपवाद लक्षात ठेवावा : वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' असा लिहितो, पण त्याच्या आरंभी 'य'चा ध्वनी आहे, म्हणून 'अ इयर' हेच बरोबर.

'ला', 'शी' आणि 'वर' यांची भाषांतरे

विभक्तीचा प्रत्यय दिसला की इंग्रजीत त्याच्या जागी एखादा शब्द घालण्याची सवय लागते. त्यातून 'सरांना विचारले' याचे 'आस्क्ड टू सर', 'मला सांगितले' याचे 'टोल्ड टू मी', 'तिच्याशी लग्न केले' याचे 'मॅरीड विथ हर' आणि 'प्रश्नावर चर्चा केली' याचे 'डिस्कस्ड ऑन द इश्यू' होते. या चारही ठिकाणी मधला शब्द काढून टाकावा. उलट 'गाणी ऐकतो' यात प्रत्यय दिसत नाही म्हणून 'लिसन साँग्ज' लिहिले जाते, तिथे 'टू' हवा. 'बसची वाट पाहतो' इथे 'वेट'नंतर 'फॉर' हवा. यासाठी एकच एक नियम नाही. नवे क्रियापद वहीत टिपताना त्याच्या पुढे येणारा शब्दही सोबत टिपावा, एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

जोडशब्दांची जोडी

मराठी वाक्याला 'जरी–तरी', 'जर–तर', 'जेव्हा–तेव्हा' अशा जोड्या आवडतात. इंग्रजीत बहुधा जोडीतला एकच पुरतो. 'जरी तो आजारी होता तरी तो आला' याचे 'ऑलदो ही वॉज इल, बट ही केम' असे करू नये. 'ऑलदो' ठेवावा किंवा 'बट', दोन्ही नकोत.

'जर'च्या वाक्यात काळही सांभाळावा लागतो. 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही' याचे 'इफ इट विल रेन टुमॉरो' असे रूप वारंवार दिसते, कारण उद्या म्हटले की 'विल' आठवतो. वास्तविक मराठीतही आपण इथे 'पडेल तर' असे म्हणत नाही. इंग्रजीत अशा वाक्यात साधा वर्तमानकाळ येतो : 'इफ इट रेन्स टुमॉरो, आय वोन्ट कम'.

अप्रत्यक्ष प्रश्नात मात्र मराठीचा क्रम कामी येतो. 'तो कुठे आहे ते मला माहीत नाही' या वाक्यात 'तो' आधी आणि 'आहे' नंतर येते. इंग्रजीतही 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज' असाच क्रम हवा. 'व्हेअर इज ही' हा प्रश्न अखंड पाठ झालेला असल्यामुळे तो तसाच मध्ये घुसतो.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर देताना विशेष सावध राहावे. 'तू जेवला नाहीस का?' असे कोणी विचारले आणि जेवण झालेले नसेल, तर आपण सहज 'हो, नाही जेवलो' म्हणतो, म्हणजे विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत त्याच परिस्थितीत 'येस' म्हटले, तर जेवण झाले असा अर्थ घेतला जाण्याचा संभव असतो. तिथे उत्तर वस्तुस्थितीप्रमाणे द्यायचे असते, म्हणून 'नो, आय हॅवन्ट' म्हणावे. गोंधळ होईल असे वाटले, तर 'येस' आणि 'नो' दोन्ही टाळून 'आय हॅवन्ट ईटन यट' असे पूर्ण वाक्य बोलावे.