त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ कॅमेऱ्यात कशी उतरवावी

त्रिपुरी पौर्णिमेला कोकणातल्या देवळांपुढे दीपमाळा पेटतात. डोळ्यांना सुख होतं, पण घरी येऊन फोटो पाहावा तर पांढराफटक खांब आणि मागे काळोख. खिशातल्या साध्या कॅमेऱ्यानेही याहून पुष्कळ चांगलं जमतं.

आधी फ्लॅश बंद करा. ऑटोवर असला की अंधारात तो आपोआप उडतो, दीपमाळेचा चुना झगझगतो आणि ज्योती विझल्यासारख्या दिसतात.

खरं गणित वेळेचं आहे. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्यानंतर साधारण 20 ते 30 मिनिटं आभाळ गडद निळं असतं, आणि त्याचा उजेड ज्योतींच्या उजेडाशी जुळतो. फोटो तेव्हाच काढायचा. देऊळ पूर्वाभिमुख असेल तर देवळाकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे दीपमाळेमागे मावळतीचं आभाळ येतं. पाठीमागे पूर्ण चंद्र वर येत असतो, तिकडेही एकदा वळून बघाच! याच सुमाराला खारा वारा पडतो. मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटेपर्यंत बऱ्याचदा हवा थबकते आणि ज्योती सरळ उभ्या राहतात. म्हणून दिवे कधी लावणार ते गुरवांना दुपारीच विचारून ठेवा.

ट्रायपॉड नसला तर जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणाची भिंत, आहेच. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून गडग्यावर ठेवा आणि त्यात कॅमेरा नीट रुतवा. सेल्फ टायमर 2 सेकंदांवर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा हादरा फोटोत येत नाही.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, 100 किंवा 200. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, सूर्याच्या चिन्हावर ठेवा, नाहीतर कॅमेरा ज्योतींचा तांबूस रंग फिका करून टाकतो. फोकस ज्योतीवर न धरता तिच्या शेजारच्या दगडाच्या कडेवर धरा. एक फोटो काढून मोठा करून पाहा. ज्योतींच्या जागी नुसते पांढरे डाग दिसले तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे 1 करा. झूम टाळा, चार पावलं पुढे जा.

समुद्राकाठी भिंगावर खारट ओल बसते आणि प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसू लागतं. जुन्या मऊ सुती कापडाने अधूनमधून हलकेच पुसत राहा.

सराव हवा असेल तर कार्तिकी द्वादशीपासून घरोघर तुळशीची लग्नं लागतात. अंगणातल्या वृंदावनाभोवतीच्या पणत्यांवर दोन संध्याकाळी हात बसवून घ्या.