हेडलाईटच्या आत धुकं धरलंय? सिलिकॉनची ट्यूब आणायच्या आधी हे बघा

पावसाळा लागला आणि चोरला नाहीतर आंबोली घाटाकडं एक चक्कर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास दिसतं ते म्हणजे हेडलाईटच्या काचेला आतनं धरलेलं धुकं. मग कोण म्हणतं सेट बदला, कोण म्हणतं सिलिकॉन मारून टाका सगळीकडनं, आणि शेजारचे काका म्हणतात राहू दे की, जातंय आपोआप. बऱ्याच वेळा काकाच बरोबर असतात. पण कधी बरोबर आणि कधी नाही हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर फुकटचा खर्च होतो किंवा चांगली लाईट कायमची खराब होते.

मुळात हेडलाईट हवाबंद नसते, आणि ती तशी मुद्दामच बनवलेली असते. बल्ब पेटला की आतली हवा तापून फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते, आणि लाईट बंद केली की तीच हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. ह्यासाठी मागच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, त्यांना व्हेंट म्हणतात, कुठं त्यावर फोमचा नाहीतर पातळ पडद्यासारखा तुकडा असतो, कुठं खाली तोंड केलेली रबरी नळी असते. आता ही आत येणारी हवाच जर जुलैतल्या खानापूर-कणकुंबीची असेल तर तिच्यात बाष्प किती असणार सांगायलाच नको, आणि ते बाष्प सगळ्यात गार जागा बघून बसतं, म्हणजे समोरच्या काचेवर. काच म्हणायचं आपण सवयीनं, हल्लीच्या गाड्यांत ते पॉलीकार्बोनेटचं प्लॅस्टिक असतं.

एलईडी लाईटवाल्या नवीन गाड्यांत हे जास्त दिसतं आणि लोक घाबरतात, एवढी महागाची गाडी आणि आत पाणी! पण हॅलोजन बल्ब उष्णता पुढं फेकतो त्यामुळं काच तापून धुकं लवकर उडतं, एलईडीची उष्णता मागं हीटसिंककडं, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याकडं, जाते आणि काच गारच राहते, म्हणून तिथं धुकं जरा जास्त वेळ मुक्काम करतं. म्हणजे लगेच फॉल्टच आहे असं नाही.

सगळ्यात आधी: धुकं आहे का पाणी आहे

हे नीट बघा, पुढचं सगळं ह्यावर आहे. बारीक वाफ, काचेच्या एका कोपऱ्यात, बहुतेक बल्बपासून लांबच्या बाजूला, आणि लाईट लावून गाडी चालवली की हळूहळू कमी होते, तर ते धुकं, काही करायची गरज नाही. पण थेंब दिसतायत, ओघळ खाली आलेत, तळाला पाणी साठलंय आणि वळणावर गाडी घेतली की ते डुलतंय, किंवा दोन-तीन कोरडे दिवस गेले तरी जात नाही, तर पाणी कुठनं तरी आत घुसतंय.

अजून एक सोपी खूण म्हणजे दोन्ही लाईट एकमेकींशी ताडून बघा. दोन्हीकडं सारखंच धुकं असेल तर हवेचा दोष, एकीकडं भरलंय आणि दुसरी कोरडी ठणठणीत आहे तर त्या एका लाईटमध्ये काहीतरी आहे, मग ती आधी कधी ठोकली होती का, बंपर काढला होता का, बल्ब बदलला होता का ते आठवा.

धुकंच असेल तर

लो बीम (डिप्पर) लावून अर्धा तास गाडी फिरवून आणा, बास. उभ्या गाडीत करायचं असेल तर इंजिन चालू ठेवा, कारण ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टच्या बॅटरीतनं नऊ अँपिअरच्या आसपास करंट खेचतात आणि छोट्या गाडीची जुनी बॅटरी असेल तर सकाळी धक्का मारायची पाळी येते. आणि इंजिन चालू ठेवणार असाल तर गाडी बंद शेडमध्ये नको, बाहेर काढून ठेवा, धुराचा गॅस जीवावर बेततो.

जात नसेल तर मागनं बघा

बॉनेट उघडा, लाईट बंद, बल्ब गार झालेला पाहिजे. हेडलाईटच्या मागं रबराचं टोपण असतं नाहीतर फिरवून बसवायचं प्लॅस्टिकचं झाकण. खरं दुखणं दहातल्या बऱ्याच गाड्यांत इथंच सापडतं असं माझं मत आहे. बल्ब बदलताना घाईत रबर अर्धवट बसवलेलं असतं, एका बाजूनं ओठ आत दुमडलेला असतो, किंवा रबर वाळून चिरलेलं असतं. काही रबरांवर वरची बाजू कुठली ह्याची खूण असते, ती वरच आली पाहिजे. बाजारातला एलईडी बल्ब घातलाय आणि मागचा फॅन बसेना म्हणून रबर कापून टाकलंय, असलंही बघायला मिळतं, मग पाणी येणार नाही तर काय होणार. १००/९० वॅटचे बल्ब घालणाऱ्यांचं तर वेगळंच, गाडीत मूळ ६०/५५ चं (अप्पर/डिप्पर) डिझाईन असतं, जास्तीच्या उष्णतेनं होल्डर आणि रबर दोन्ही वितळतं.

मग व्हेंट बघा. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा चिखल चाकानं उडून त्या रबरी नळीच्या तोंडात बसतो, वाळतो आणि विटकरी रंगाचं बूच तयार होतं, बोटानं दाबलं की भुगा पडतो. कधी कोळ्याचं जाळं असतं. व्हेंट बंद झालं की आत आलेलं बाष्प बाहेर जात नाही. नळी काढून धुवा, वाळवून परत लावा, तोंड खालीच राहिलं पाहिजे. फोम चिखलानं भरला असेल तर बदला, पण फोम काढून मोकळं भोक ठेवू नका.

आतलं पाणी काढायचं कसं

उघाड पडली आणि ऊन आलं तर सगळ्यात सोपं, मागची टोपणं काढा, गाडीचं तोंड उन्हाकडं करा, दुपारभर ठेवा. ऊन नसेल तर हेअर ड्रायर कमी हीटवर, मागच्या भोकातनं थोडं लांब धरून, थांबत थांबत. हीट गन नको, प्लॅस्टिकला वाक येतो आणि आतलं रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत आरसा, सुटतं. खाली पाणी साठलं असेल तर लाईट गाडीतनं काढून उलटी करावी लागते, आणि पुष्कळ गाड्यांत त्यासाठी आधी बंपर सैल करावा लागतो, ते जमत असेल तरच हात घाला.

हॅलोजन बल्ब काढला तर त्याच्या काचेला बोट लावायचं नाही, कातडीचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो. लागलंच तर स्पिरीटनं पुसा. आणि आत फडकं घालून रिफ्लेक्टर पुसायच्या फंदात अजिबात पडू नका, तो चकचकीत थर ॲल्युमिनियमचा असतो, एकदम पातळ, पुसला की निघून येतो आणि मग लाईट अंधुकच पडते. झेनॉन लाईट असेल तर मागचं झाकणही घरी उघडायचं नाही, पेटताना तिथं वीस हजार व्होल्टच्या वर जातं.

सिलिका जेलच्या पुड्या टाका असं पुष्कळजण सांगतात. टाका, थोडं बाष्प ओढून घेतील, पण भरल्या की त्यांचं काम संपलं, आणि बल्बजवळ गेली तर पुडी जळते. गळती तशीच ठेवून पुडी टाकणं म्हणजे नुसतं समाधान.

गळती शोधायची

काच आणि मागची बॉडी जिथं जुळते तिथं ब्युटिल रबराचा काळा चिकट सील असतो. जुन्या गाडीत तो कडक होऊन सुटतो, ठोकर बसली असेल तर लाईट बसवायच्या कानाला बारीक तडा असतो. लाईट बाहेर काढली असेल तर व्हेंट टेपनं बंद करा, एक उघडं ठेवून त्यातनं तोंडानं हलकी हवा सोडा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा, पंक्चरवाला बघतो तसं, बुडबुडा आला की जागा सापडली. कंप्रेसरची हवा नको, चांगला सीलही उघडेल.

सापडली तर ती जागा स्पिरीटनं पुसून पूर्ण वाळवा आणि तेवढ्याच जागेवर ब्युटिल नाहीतर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन लावा. ज्याला व्हिनेगरचा आंबट वास येतो ते सिलिकॉन नको, त्याच्या वाफेनं आतला चकचकीत थर काळवंडू शकतो. आणि हात जोडून सांगतो, सगळीकडनं फासू नका. गॅरेजमध्ये मिस्त्री कौतुकानं म्हणतो, "सगळं बंद करून टाकलंय बघा, आता मुंगी बी जायची नाही," आणि त्यात व्हेंटही बंद झालेलं असतं, आतलं बाष्प आतच कोंडून राहतं, पुढच्या पावसात धुकं दुप्पट.

काच उघडायला लाईट ओव्हनमध्ये गरम करतात ते घरी नको. काही लाईट अशा सीलनं चिकटवलेल्या असतात की उघडताना बॉडीच तुटते. कनेक्टरला हिरवा गंज धरला असेल, एलईडीचं मॉड्युल बंद पडलं असेल, तर बदलणंच बरं. आणि गाडी वॉरंटीत असेल तर काहीच उघडू नका, पाणी दिसतंय तोवर फोटो आणि व्हिडिओ काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा, नाहीतर तिथं पोचेपर्यंत वाळतं आणि ते म्हणतात, कुठं काय आहे.

वॉशिंगला गेलात की प्रेशर गन हेडलाईटच्या जोडावर जवळनं मारायला देऊ नका, बॉनेट उघडून मागनं तर नाहीच. तापलेल्या लाईटवर गार पाणी पडलं की हवा झटकन आकसते आणि पाणी आत ओढलं जातं, ओढ्याच्या पाण्यातनं गाडी घातली की पण हेच होतं.

लाईट काढून परत बसवली असेल तर रात्री सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी लावून दोन्ही बीमची उंची सारखी आहे का बघा आणि मागच्या स्क्रूनं जुळवून घ्या, नाहीतर चोरल्याच्या वळणावर समोरचा ट्रकवाला अप्पर मारून सांगेलच.